‘मॅडम, ह्याचा उपयोग काय?’

वाचकाचं पत्र

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी-नववीला गणित शिकवते. वर्गात साठच्या वर मुलं आहेत. त्यातली बरीच ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गणिताचा तास सुरू झाला की वर्गात जीव उरत नाही. फळ्यावरचं निमूट उतरवून घेतात, काही विचारलं की माना खाली. ‘मॅडम, ह्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मात्र रोजचा. गेल्या 22 डिसेंबरला गणित दिवस दणक्यात केला. रांगोळ्या, रामानुजनांवर भाषणं, पाढे पाठांतर, शिवाय एक प्रेरणादायी वक्तेही बोलावले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मुख्याध्यापक म्हणतात, मुलांना मोटिव्हेट करा. मला आता वाटायला लागलंय, या मुलांना शिकायचंच नाही. काय करू?

— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

‘या मुलांना शिकायचंच नाही’ हे तुमचं वाक्य सोडलं तर बाकी पत्र मला अगदी ओळखीचं वाटलं. त्या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे. साठ मुलं रोज येतात, ज्यातलं अवाक्षर कळत नाही ते पाऊण तास मुकाट वहीत उतरवतात आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी येऊन बसतात. शिकायचंच नसतं तर एवढा छळ कोण सोसेल? ती मागच्या दाराने केव्हाच पसार झाली असती.

आपण सगळे असं धरून चालतो की आधी गोडी लावायची, मग गणित शिकवायचं. प्रत्यक्षात गाडी उलट्या बाजूने चालते. आधी एखादं गणित सुटतं, स्वतःचं स्वतःला सुटतं, आणि मग गोडी लागते. तुमच्या गणित दिवसात काही चूक नव्हती. पण ज्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, त्याला रामानुजन सांगून काय होणार? ‘असा एक माणूस होता आणि आपण तसे नाही’ एवढंच तो घरी घेऊन जातो. प्रेरणादायी वक्त्यांबद्दल न बोललेलं बरं. त्यांचं मानधन वाचवून कंपासपेट्या घेतल्या असत्या तर चार पोरांचा वर्षाचा प्रश्न सुटला असता.

आता तो रोजचा प्रश्न. ‘ह्याचा उपयोग काय’ हे वर्गात कोण विचारतं, हे एकदा नीट बघा. पहिल्या बाकावरची, भराभर उत्तरं देणारी पोरगी कधी विचारते का? कबड्डीचा उपयोग काय असं कबड्डी खेळणारा विचारत नाही. जे जमतं त्याचा हिशेब कुणी मागत नाही. ‘मला येत नाही’ असं चारचौघांत म्हणायची लाज वाटते, म्हणून पोरं ‘उपयोग काय’ म्हणतात. तेव्हा या प्रश्नाला इस्रो, मोबाइल आणि कॉम्प्युटरची यादी वाचून दाखवू नका. यादी संपल्यावरही त्याचं वजाबाकीचं गणित तसंच अडलेलं असणार.

आणि खोटं तर मुळीच सांगू नका. बहुपदीचा भागाकार किराणा दुकानात लागत नाही, हे त्या दुकानात रोज जाणाऱ्या पोराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. खरं तेवढंच सांगा. तुमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे जी पोरं धावत असतात, ती भरतीची तयारी करणारी. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित हा अख्खा एक भाग असतो. शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी. धावण्यात पैकीच्या पैकी घेणारे गडी या भागात अडकतात. तुमच्या नववीतल्या कितीतरी जणांचा भाऊ नाहीतर चुलतभाऊ त्यातला असेल. त्यालाच एक दिवस वर्गात बोलवा आणि कुठल्या गणिताला अडला ते सांगायला लावा. वक्त्यापेक्षा तो कामाला येईल आणि चहावर भागेल.

पण हेही दुय्यम. मुख्य काम वेगळं आहे. प्रत्येक मूल नेमकं कुठं अडलंय ते शोधणं. पायाभूत चाचणीचे गुण आपण पोर्टलवर भरतो आणि मोकळे होतो. 40 पैकी 11 मिळाले म्हणजे काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तुमची पोरं तर वर्षातले चार-पाच महिने वर्गातच नसतात. पाचवीतल्या अपूर्णांकांच्या वेळी एखादा उसाच्या फडात होता, सातवीत पूर्णांक संख्या चालू होत्या तेव्हाही फडातच. मधले टाके सुटलेत आणि आपण वरून नववीची नक्षी काढतोय. बरं, हे फक्त बीडचं नाही. ग्रामीण भारतात आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं, असं ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाचे अहवाल सांगत आले आहेत.

त्यासाठी मोठी चाचणी नको. पाठकोऱ्या कागदावर पाच-सहा प्रश्न द्या. गुण नाहीत, नाव लिहायचं ते फक्त तुम्हाला कळावं म्हणून. 1/2 + 1/3 किती? −3 − 5 किती? 0.3 आणि 0.25 यात मोठी संख्या कोणती? 504 ला 7 ने भागा. x + 5 = 12 तर x किती? एखादं शाब्दिक उदाहरण. बास. घरी नेऊन उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावा, पण बरोबर-चूक असे नकोत, चुकीच्या प्रकाराप्रमाणे लावा. तुम्हाला दिसेल की साठ पोरांच्या साठ तऱ्हा नाहीत. चुका चार-पाच प्रकारच्याच आहेत आणि प्रत्येक चुकीमागे काहीतरी डोकं चाललेलं आहे.

−3 − 5 चं बघा. अर्ध्या वर्गाने +8 लिहिलेलं असणार, पैज लावतो. का? ‘मायनस मायनस प्लस’ हा मंत्र कुणीतरी पाठ करून घेतलेला असतो. तो गुणाकाराचा, हे सांगायचं राहून गेलं. आता यांच्यापुढे संख्यारेषा काढून उड्या मारत बसू नका, निदान पहिल्या दिवशी तरी. एवढंच विचारा: मुकादमाचे तीन हजार अंगावर आहेत, आणखी पाच हजार उचलले. आता काय परिस्थिती? सगळा वर्ग एका सुरात आठ हजार अंगावर म्हणेल. मग म्हणावं, वहीत तर तुम्ही लिहिलंय की मुकादमच तुमचं आठ हजार देणं लागतो! पोरं हसतील. हसू द्या. त्या हसण्यात ऋण चिन्हाचा अर्थ त्यांच्या डोक्यात बसलेला असतो, नियम मागाहून सांगितला तरी चालतो.

अपूर्णांकांना थोडा जास्त वेळ लागेल. 1/2 + 1/3 चं उत्तर 2/5 असं येतं, वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. चूक आहे म्हणून फुली मारली की पोरगं पुढच्या वेळी ल.सा.वि. काढायची कवायत करतं आणि त्यातही चुकतं. त्यापेक्षा जुन्या वहीच्या कागदाच्या 12 सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापायला सांगा. एका पट्टीचा अर्धा भाग करा: 6 सेंटिमीटर. दुसरीचा तिसरा हिस्सा: 4 सेंटिमीटर. जोडून ठेवा, 10 झाले. आता तुमचं 2/5 मोजा. 12 चे पाच भाग करून त्यातले दोन घेतले तर 4.8 सेंटिमीटर. पट्टी पट्टीशेजारी ठेवा आणि गप्प बसा. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आलं, हे त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे. कुणीतरी पुटपुटेल, ‘असं कसं?’ ताई, तुम्ही ज्याला मोटिव्हेशन म्हणता ते हेच. 10/12 म्हणजे 5/6, हे पुढचं काम सोपं.

‘सोपं’ हा शब्द मी इथं तुमच्यापुढे वापरला, वर्गात वापरू नका. ‘अरे, किती सोपं आहे!’ हे आपण धीर द्यायला म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनात हिशेब सरळ असतो: सोपं आहे आणि तरी मला येत नाही, म्हणजे मी ढ. ‘हे जरा किचकट आहे, बसू आपण’ असं म्हणून बघा. अडला तरी लाज नाही, सुटलं तर कॉलर ताठ. आणखी एक. प्रश्न विचारल्यावर तेच तीन-चार जण उत्तर ओरडतात आणि बाकीच्यांचा विचार तिथंच थांबतो. ओरडायला बंदी करा. उत्तर आलं त्याने वहीत लिहून पेन खाली ठेवायचं. मनातल्या मनात वीस आकडे मोजेपर्यंत तुम्हीही बोलायचं नाही. ही वीस मोजणी शिक्षकाला फार जड जाते.

उचल (ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे) आणि मुकादमाचा विषय निघालाच आहे, तर समीकरणंही तिथूनच काढता येतील. पण जपून. कुणाच्या घरी किती उचल आहे हे विचारायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. आकडे तुम्ही मनचे घ्या. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, 1,00,000 रुपये उचल घेतली. टनाला 350 रुपये धरू. रोज दोन टन तोड झाली तर उचल किती दिवसांत फिटेल? 700x = 1,00,000, म्हणजे 143 दिवस. दीड टनच झाली तर? 525x = 1,00,000, आले 191 दिवस. मग तुम्ही काही न बोलता थांबा. मागच्या बाकावरून कुणीतरी नक्की म्हणेल, ‘मॅडम, खर्ची धरलीच नाही.’ तेव्हा खडू त्याच्या हातात द्या. आठवड्याला हजार रुपये खर्ची, म्हणजे घरखर्चाचे पैसे, धरली तर दोन टनांच्या हिशेबाने आठवड्याला 4,900 मधून 3,900 च फिटतात, आणि 143 दिवसांऐवजी 26 आठवडे लागतात. सहा महिने. पावसाने तोड बंद राहिली तर? आजारपण आलं तर? आता हे समीकरण पुस्तकातलं राहिलं नाही, आणि या एका बाबतीत वर्गात सगळ्यात जास्त कळतं ते मागच्या बाकावरच्याला.

अशी उदाहरणं रोज मात्र नकोत. पोरं ज्या कष्टातून येतात तेच गणिताच्या तासालाही उगाळत बसायचं म्हणजे जुलूम आहे. पुस्तकं लिहिणाऱ्यांचा एक समज असतो की खेड्यातल्या मुलाला खेड्यातलंच उदाहरण भावतं. तसं काही नाही. मुलांना निव्वळ गंमतही हवी असते, उपयोग शून्य असलेली.

आणि निरुपयोगी गमतीचा बादशहा तर आपल्या महाराष्ट्रातलाच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, 1905 साली डहाणूला जन्मले, देवळालीला शाळामास्तर होते. मोठ्या पदव्या नाहीत, विद्यापीठातली नोकरी नाही. आयुष्यभर आकड्यांशी खेळले. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाने दखल घेतली. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना तोवर ते पोरखेळच वाटत होते.

त्यांचा एक खेळ उद्याच्या तासाला घ्या. कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा 3524 घेतली:

5432 − 2345 = 3087
8730 − 0378 = 8352
8532 − 2358 = 6174

आता 6174 चं करून बघा. 7641 − 1467 = 6174. अडकलो! वर्गातल्या कुणीही कुठलीही संख्या घेऊ दे, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक जण 6174 वर येऊन थांबतो. वर्गाला आधी सांगू नका. फळ्याच्या कोपऱ्यात 6174 लिहून त्यावर पुठ्ठा लावून ठेवा आणि सगळ्यांचं झालं की काढा. पोरं एकमेकांच्या वहीत डोकावतील, घरी जाऊन मोठ्या बहिणीला करायला लावतील.

तुमचा डाव काय, हे फक्त तुम्हाला माहीत. एरवी ‘हातच्याच्या वीस वजाबाक्या करून आणा’ म्हटलं तर नववीची पोरं तोंड वाकडं करतात, दुसरी-तिसरीचं काम दिलं म्हणून अपमान वाटतो. इथं पाच-सात वजाबाक्या आपखुशीने होतात, त्याही शून्य मधे येणाऱ्या, सगळ्यात जास्त चुकणाऱ्या. एक खबरदारी घ्या. वजाबाकीत चूक झाली तरी पोरगं बहुतेक वेळा शेवटी 6174 वरच पोचतं, कारण चुकून आलेली संख्याही त्याच वाटेला लागते. म्हणून पडताळा वेगळा शिकवा: प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज 9 च्या पाढ्यात यायला हवी. 3087 मध्ये 3 + 0 + 8 + 7 = 18, ठीक. नाही आली तर वजाबाकी नक्की चुकली. एखाद्याचं उत्तर 999 आलं तर त्याला पुढे शून्य देऊन 0999 असं चार अंकीच धरायला सांगा, नाहीतर तो बिचारा भलतीकडेच जाईल.

तुम्ही मनात म्हणत असाल, पोर्शन कधी संपवू? रास्त आहे. सगळा तास यात घालवा असं मी म्हणत नाही. रोजची पहिली दहा मिनिटं सुटलेल्या टाक्यांना द्या, उरलेल्यात धडा. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि तुमची पोरं दिवाळीनंतर जातात. तेवढ्यात ऋण संख्या, अपूर्णांक, दशांश आणि एकचल समीकरण एवढं पक्कं झालं तर पुढचे धडे आपोआप वेग घेतात. जाणाऱ्यांच्या हातात पुस्तकाची यादी देऊ नका, ती फडात कुणी उघडत नाही. एक पातळ वही द्या, त्यात तुमच्या हाताने लिहिलेली थोडी गणितं, सगळी त्याला येतात त्याच्या एक पायरी वरची. बापाच्या फोनवर आठवड्याला एक गणित आवाजात पाठवता आलं तर उत्तम. आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी ‘किती बुडालं रे तुझं’ एवढं म्हणू नका. त्याला ते ठाऊक असतं.

मुख्याध्यापकांना मोटिव्हेशनचा अहवाल हवा असेल तर तोही देता येईल. त्या पाठकोऱ्या कागदावरची परीक्षा दिवाळीआधी पुन्हा घ्या. −3 − 5 ला +8 लिहिणारे जूनमध्ये किती होते, आता किती राहिले, हे दोन आकडे त्यांच्या टेबलावर ठेवा. गणित दिवसाच्या फोटोंपेक्षा बोलके असतील. बक्षिसं, चॉकलेटं शक्य तितकी टाळा. चॉकलेट संपलं की गणितही संपतं.

राहता राहिली ती पहिल्या बाकावरची पाच-सहा. यांच्याकडे दुर्लक्ष होतं, कारण त्यांचं बरं चाललेलं असतं. तुम्ही मागच्यांना अपूर्णांकांच्या पट्ट्या देत असाल तेव्हा यांना कापरेकरांच्या खेळातला ‘का’ द्या. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज 9 च्या पाढ्यातच का येते? नववीच्या बीजगणितात हे सुटतं. उतरत्या क्रमाचे अंक a, b, c, d धरले तर मोठी संख्या 1000a + 100b + 10c + d, लहान 1000d + 100c + 10b + a. वजाबाकी केली की 999(a − d) + 90(b − c). पुढे काय दिसतं ते त्यांनाच बघू दे. अक्षरं कशाला वापरायची, हा प्रश्न ती तुम्हाला परत विचारणार नाहीत.

तेही पटकन झालं तर तीन अंकी संख्या घेऊन तोच खेळ करायला सांगा. तिथं सगळे 495 वर येऊन थांबतात. दोन अंकी घेतली तर काय होतं, ते मी सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. चार दिवस लागले तरी चालतील.